नांगराच्या फाळाखालचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, लहानपणी आम्ही ठिकरी खेळायचो. अंगणात कोळशानं चौकोन आखायचे, ठिकरी टाकायची आणि लंगडत जाऊन ती पायानं सरकवत आणायची. खेळ सोपा, पण ठिकरी चांगली लागायची. कौलाचा तुकडा दोन दिवसांत झिजायचा, दगड पायाला लागायचा. खरी ठिकरी म्हणजे जुन्या खापराची. पातळ, टणक, कडा गुळगुळीत झालेली. माझ्याकडे अशा ठिकऱ्यांचा डबाच भरलेला असे आणि गल्लीतली पोरं त्याबदल्यात मला बोरं-चिंचा देत. या ठिकऱ्या कुठून येत हे मी कुणालाच सांगत नसे. त्या आमच्या घराच्या छपरातून येत.

आमचं घर धाब्याचं होतं. खानदेशातल्या माझ्या वयाच्या माणसांना धाबं म्हणजे काय हे सांगायला नको. लाकडी कड्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर वीतभर जाडीची माती. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी धाब्यावर नवी माती टाकायची. ही माती शेतातली काळी चालत नाही. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात गळते. धाब्याला लागते ती पांढरी, राखाडी, जरा खारट माती. ती गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावरून बैलगाडीनं यायची. अब्बा आणि काका ती पसरायचे, दादी पाणी शिंपडून धोपटण्यानं धोपटायची. पहिला मोठा पाऊस झाला, वरची माती धुपली की पन्हाळाखाली खापरं पडायची. लाल, काळी, करडी. एकदा एक तुकडा मिळाला. भगव्या-लाल रंगाचा, त्यावर काळ्या रंगात तिरक्या रेघांची जाळी. तो मी खेळात वापरला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. चांगला दिसला, एवढंच.

पुढे धुळ्याला कॉलेजात बी.ए. करत असताना तो तुकडा मी इतिहासाच्या एका सरांना दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, नखानं टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. ते म्हणाले, "हे जोर्वे पद्धतीचं भांडं दिसतंय. कमीत कमी तीन हजार वर्षांचं." मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. डबाभर ठिकऱ्या मी लंगडी घालून झिजवल्या होत्या. आणि आमचं सगळं कुटुंब तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी घराची माती डोक्यावर घेऊन झोपत होतं.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्द आहेत, फक्त आपण ते विसरत चाललो आहोत. जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथं चुलीची राख पडते, भिंती पडतात, पुन्हा उठतात, गुरांचं शेण-मूत मुरतं, आणि हळूहळू त्या जमिनीचा रंग पालटतो. ती पांढुरकी होते. म्हणून वस्ती ती पांढरी. वस्ती उठून गेली तरी रंग जात नाही. दख्खनमध्ये जुन्या वस्त्या शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी काय केलं असेल, तर गावात जाऊन विचारलं, तुमच्याकडे पांढरीचं टेकाड कुठं आहे? आणि जुन्या माणसांनी हात करून दाखवलं.

आपल्या खानदेशात अशा टेकाडांना तोटा नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे आपण तीर्थक्षेत्र म्हणून ओळखतो. तिथं १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या बा. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली. ताम्रपाषाण म्हणजे दगडाच्या पात्यांबरोबर तांब्याची हत्यारं वापरणारे लोक. त्यांना लोखंड माहीत नव्हतं. त्यांच्या वर लोखंड वापरणाऱ्यांचे थर, त्यांच्याही वर पुढच्या काळाचे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. तिथं म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ साली खोदकाम केलं, आणि समोरच्या तीरावर टेकवाड्याला त्या काळातली दफनं मिळाली. अशा ठिकाणी एकावर एक गावं रचली गेली. टेकाड उंच होत गेलं. उंच टेकाडाला एक फायदा असतो. ते दिसतं. त्यावर सहजी नांगर चालत नाही. कुणी माती नेली तरी पोटातलं बरंच उरतं.

पण आपलं सगळ्यात जुनं शेतकऱ्याचं गाव टेकाडात नाही. ते सपाट जमिनीत आहे.

साक्री तालुक्यात कावठे नावाचं गाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९८० च्या दशकात उत्खनन केलं. म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध केला. ही वस्ती ज्या संस्कृतीची, तिला सावळदा संस्कृती म्हणतात. सावळदा हे आपल्याच तापीकाठचं गाव. पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला खानदेशातल्या एका खेड्याचं नाव आहे, आणि हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? काळ साधारण इसवी सनापूर्वी २००० च्या आगेमागे. आजपासून चार हजार वर्षं.

कावठ्याची वस्ती सुमारे २० हेक्टरांवर पसरलेली होती. म्हणजे पन्नास एकर. त्या काळच्या मानानं हा फार मोठा विस्तार. पण वस्तीचा थर किती जाड? सुमारे अर्धा मीटर. पन्नास एकर रुंद आणि जेमतेम दीड-पावणेदोन फूट खोल असं हे गाव. लोक जमिनीत गोल, लांबट खड्डे घेऊन त्यावर झोपडी उभारत. हाडांची टोकदार हत्यारं करत. त्यांच्या भांड्यांवर बाणाची टोकं, हत्यारं, प्राणी, झाडंझुडपं रंगवलेली असत. थर पातळ आहे, घरं साधी आहेत, म्हणून हे लोक एका जागी फार काळ टिकून राहिले नसावेत, शेती आणि गुरं दोन्ही सांभाळत फिरते-स्थिर असं आयुष्य जगत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माझे आजोबा पिंजारी होते. पिंजण खांद्यावर टाकून आठ महिने गावोगाव फिरायचे. गादी-रजईचं काम असेल तोवर मुक्काम, मग पुढचं गाव. फिरत्या माणसाच्या मुक्कामाची खूण किती पातळ असते, हे मला त्यांच्यामुळे कळतं. तीन दगडांची चूल, थोडी राख. एक वखर फिरवला की संपलं.

आता प्रश्न असा, की अशा गावांना कूस होती का? गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवणारी. हा शब्द आपल्या समाजात किती जड आहे ते सांगायला नको. पहिलं गावकूस कुणी, कधी, कशासाठी बांधलं हे कळलं तर आपल्याबद्दलच काही कळेल. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. नदीचं पुराचं पाणी वळवून आणणारा रुंद कालवा आणि त्याच्या कडेला दगडमातीचा लांब बांध सापडला. गावच्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार मिळालं. आपल्या पांझरेवर फड पद्धत आहे. बंधारा घालायचा, पाट काढायचा, पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. ती काही शतकांची आहे. इनामगावचा कालवा तीन हजार वर्षांचा. पाणी आलं की ते वाटणारा आला, कोठार आलं, आणि राखण करणाराही आला. प्रवरेच्या काठी दायमाबादला जोर्वे काळातल्या वस्तीभोवती मातीच्या तटबंदीच्या खुणा मिळाल्या. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात गावाला कूस आली होती. मग चार हजार वर्षांपूर्वीच्या, सावळद्याच्या लोकांकडे तशी काही होती का? काट्यांचं कुंपण असेल, उथळ चर असेल, मातीचा बुटका बांध असेल. अशा गोष्टी सापडतात त्या वरच्या हात-दीड हातातच. आणि नेमका तोच भाग नांगराचा आहे.

तुम्ही म्हणाल, भिंतच उरली नाही तर ती शोधणार कशी? शोधता येते. जमिनीत एकदा चर खणला आणि तो पुढे बुजला, तरी भरलेली माती आजूबाजूच्या मातीसारखी कधीच होत नाही. ती सैल असते, ओल जास्त धरते. खांबासाठी खड्डा घेतला, खांब कुजून गेला, तरी तिथं काळसर गोल डाग उरतो. इनामगावची घरं अशाच डागांवरून उभी राहिली. डागांच्या रांगा लावल्या की भिंत कळते, भिंती जोडल्या की घर कळतं.

याचं जगातलं एक गाजलेलं उदाहरण इंग्लंडात आहे. विल्टशर परगण्यात, स्टोनहेंजपासून जवळच, शेतात एक गोल उंचवटा होता. पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालून तो जवळजवळ सपाट झाला होता. १९२५ च्या डिसेंबरात गिल्बर्ट इन्सॉल नावाचा वैमानिक त्यावरून उडत होता. त्याला वरून एक वर्तुळ दिसलं आणि वर्तुळाच्या आत ठिपके. पुढच्या उन्हाळ्यात शेतात गहू उभा असताना त्यानं पुन्हा पाहिलं, तर ठिपक्यांच्या जागी गहू जास्त गडद होता. खाली जुन्या खड्ड्यांची सैल, ओलसर माती होती, तिथं मुळं खोल गेली होती. मॉड आणि बेन कनिंगटन या दांपत्यानं तिथं खोदकाम केलं. एकात एक अशी खांबांच्या खड्ड्यांची सहा कडी मिळाली, भोवती चर आणि बांध. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं लाकडी खांबांचं आवार. आज ते वुडहेंज म्हणून ओळखलं जातं, आणि प्रत्येक खड्ड्याच्या जागी खूण म्हणून काँक्रीटचा बुटका खांब आहे. जे नांगरानं पुसलं होतं ते गव्हाच्या पिकानं पुन्हा लिहून दाखवलं.

आपल्याकडे हे इतकं सोपं नाही. विल्टशरची जमीन पांढऱ्या खडूच्या दगडाची. त्यात खणलेला चर दगडात कोरल्यासारखा टिकतो. आपली काळी माती वेगळ्या स्वभावाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची ढेकळं, खडे, खापरं त्या भेगांत पडतात. पाऊस आला की माती फुगते आणि खालचं वर ढकलते. म्हणजे काळी माती स्वतःच स्वतःला नांगरत असते. अशा जमिनीत चार हजार वर्षांचा पातळ थर टिकला हेच नवल. तो टिकला, कारण आपले बापजादे लाकडी नांगर आणि वखर वापरत. बैलाचा नांगर फार तर वीतभर खोल जातो. वखराची पास त्याहून वर चालते. वरची वीतभर माती हलत राहिली, खालचा थर शांत राहिला. चार हजार वर्षं हा करार चालला. वरची वीत आमची, खालची तुमची.

हा करार कायद्यातही उतरला आहे, हे मला अलीकडे कळलं. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांबद्दलचा १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळावर बांधकाम, खाणकाम करायला त्यानं मनाई केली. पण शेती करायला नाही. शेती करा, फक्त जमीन एक फुटापेक्षा जास्त खोल खणू नका, अशी त्यात तरतूद आहे. ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांना शेतकऱ्याची अडचण कळत होती. तेव्हा बहुतेक शेतं बैलांवर चालत होती आणि एक फूट म्हणजे पुष्कळ होतं. पुढे ट्रॅक्टर आले, पलटी नांगर आले. पलटी नांगर फूटभर खाली जाऊन माती उलथीपालथी करतो. केळीसाठी, ठिबकच्या पाइपासाठी चर घेतात ते आणखी खाली. आणि जेसीबीला तर खोलीचा हिशेबच नसतो. शिवाय हा एक फुटाचा नियमही फक्त संरक्षित स्थळांना. आपल्या शिवारातल्या बहुतेक पांढरी कुठल्याच यादीत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

ज्या पांढरीवरून आमच्या धाब्याची माती यायची, तिच्या पायथ्याला माझ्या चुलतभावाचं सहा एकर रान आहे. टेकाड उतरत उतरत त्याच्या शेतात मिसळलेलं. अब्बा सांगायचे, त्या तुकड्यात ज्वारी नेहमी जास्त काळीभोर दिसते. काही वर्षांपूर्वी भावानं ठिबक करायचं ठरवलं आणि शेत सपाट करायला मशीन बोलावलं. मी त्या दिवशी सुटीवर गावी होतो. बांधावर उभा राहून बघत होतो. मशीनचा दात टेकाडाच्या पायाला लागला आणि आतली माती उघडी पडली. मला स्पष्ट दिसलं. वर काळी, खाली राखेचा फिकट पट्टा, त्यात भाजक्या मातीचे लाल ठिपके, त्याखाली पिवळसर मुरूम. आणि त्या मुरमात खाली उतरलेला एक काळा अर्धगोल. वाडग्याचा उभा छेद घ्यावा तसा. तो खड्डा होता. कुणी तरी खणलेला आणि नंतर बुजलेला. त्याच्यापुढे हातभरावर दुसरा. कुडाचे खांब होते की कुंपणाचे की नुसतं धान्याचं पेव, मला सांगता येणार नाही. मशीननं पुढचा घास घेतला आणि दोन्ही गेले.

भावाचा सालदार भिल्ल समाजातला वयस्कर माणूस. तो माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, आठे जुनं गाव व्हतं." एवढंच बोलला. आणि मी? मी कविता लिहिणारा माणूस. मातीवर, आजोबांवर, नदीवर लिहून टाळ्या घेतलेला. मी काही बोललो नाही. मशीन तासाच्या भाड्यानं आलं होतं. भावाच्या डोक्यावर कर्ज होतं. मागच्या वर्षी कापूस बोंडअळीनं गेला होता. "जरा थांब, इथं तीन हजार वर्षांपूर्वीचे खड्डे आहेत," असं त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? आणि सांगून करणार काय? मी फोटो काढला नाही, मोजमाप घेतलं नाही, गट नंबर टिपला नाही. संध्याकाळी शेत छान सपाट झालं होतं. भावानं चहा पाजला.

या गोष्टीत मी भावाला दोष देत नाही. त्यानं त्याच्या रानात त्याचं काम केलं. दोष द्यायचाच तर गप्प बसणाऱ्याला. मशीन अर्धा तास थांबलं असतं, मी चार फोटो काढले असते, पट्टी लावून खोली मोजली असती, खड्ड्यातली ओंजळभर राख आणि खापरं पिशवीत भरली असती, तरी त्या गावाचं एक पान वाचलं असतं. भावाचं एक ढेकूळही कमी झालं नसतं. राखेत जळालेला दाणा असता तर त्या लोकांनी काय पेरलं होतं ते कळलं असतं. कोळशाच्या तुकड्यावरून काळ काढता आला असता. आता ते सगळं सहा एकरांत सारखं पसरलेलं आहे. वस्तू आहेत, त्यांची जागा गेली.

आणि पुरातत्त्वात जागा हेच सगळं असतं. दायमाबादचं उदाहरण घ्या. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीच्या रथावर उभा असलेला माणूस. वजन साठ किलोहून अधिक. भारतातल्या प्राचीन धातुकामातल्या थोर वस्तूंमध्ये आज त्यांची गणना होते. पण त्या मिळाल्या तेव्हा शेजारी कुणी मातीचे थर नोंदवत नव्हतं. परिणाम असा, की त्या हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या की नंतरच्या, यावर अभ्यासकांत वाद झाले. साठ किलो धातू हातात आहे, आणि त्याचा काळ ठरवायला लागते ती त्याच्याभोवतीची मूठभर माती हातात नाही.

शेतकरी गप्प का बसतो, तेही समजून घेऊ. त्याला भीती असते. काही मिळालं असं कळलं तर जमीन सरकार घेईल, पोलीस येतील, गावात गुप्तधनाची आवई उठेल आणि रात्री लोक कुदळी घेऊन शिवारात शिरतील. शेवटची भीती तर अगदी खरी आहे. पण पहिलीबद्दल थोडं सांगतो. चार खापरं मिळाली म्हणून कुणाची जमीन जात नाही. एखादं स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर करायचं तर सरकारला आधी अधिसूचना काढावी लागते आणि हरकती घ्यायला दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. निखात निधीचा कायदा १८७८ सालचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीत मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. पण त्याच कायद्यात ठेवा सापडलेल्या माणसाच्या आणि जमिनीच्या मालकाच्या हक्काचाही विचार आहे. ही माहिती गावात कुणी नीट सांगितलेली नसते. म्हणून लोक ठेवा लपवतात आणि खापर फेकून देतात.

आमच्या कब्रस्तानात कबर खणणारे एक चाचा होते. अक्षरओळख नव्हती, पण जमीन वाचायचे. कुदळीच्या आवाजावरून सांगायचे, इथं आधी कुणी आहे. मग ते हळूच माती लोटायचे, वर हात फिरवायचे आणि दोन हात सरकून दुसरीकडे खणायचे. मी विचारलं, चाचा, कसं कळतं? ते म्हणाले, एकदा खणलेली माती कधी विसरत नाही. पुढे मी इनामगावबद्दल वाचलं. त्या लोकांनी आपली लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरली होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत मूल. आईच्या चुलीपासून हाताच्या अंतरावर. मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडून पुरत. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, किंवा परत येऊन फिरू नये म्हणून. हे वाचल्यावर मला चाचांची कुदळ आठवली. आपल्या पांढरीच्या पोटात अशी किती मुलं झोपलेली असतील? त्यांचा धर्म कोणता, जात कोणती, भाषा कोणती, कुणाला सांगता येणार नाही. त्यांचा वारस म्हणून कुणी एकटा उभा राहू शकत नाही. म्हणूनच ती आपल्या सगळ्यांची आहेत. नांगर तिथं लागण्याआधी चाचांसारखा हात फिरवून बघायला काय हरकत आहे?

हे लोक गेले कुठं, असंही तुम्ही विचाराल. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला तापी-गोदावरीच्या खोऱ्यातल्या बऱ्याच वस्त्या ओस पडल्या. इनामगाव त्यानंतर काही काळ तग धरून राहिलं, पण तिथंही मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला, अवर्षणं वाढली, असं ढवळीकरांचं म्हणणं होतं. कोरडा पडत जाणारा शेतकरी काय करतो? घर लहान करतो, गुरं विकतो, शेवटी गाव सोडतो. धुळे जिल्ह्यात बसून हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पायाखालच्या अर्ध्या मीटरमध्ये आपल्याच प्रश्नाचं एक जुनं उत्तर पडलेलं आहे. ते वाचायच्या आत नांगरलं जाऊ नये, एवढीच माझी तळमळ.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी वारले. पुढच्याच वर्षी, १९२७ साली, त्यांच्या नावानं इथं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी काय केलं? गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची, कोठारांतली दप्तरं गोळा केली. उंदीर आणि वाळवी खात होती ती. लोकांना वाटे, जुन्या कागदांचं काय करायचं? त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले. शेतातली पांढरी हे तसंच दप्तर आहे. फक्त ते वाचायला मोडी नाही, माती यावी लागते. आणि मातीची अक्षरओळख शेतकऱ्याइतकी कुणाला असणार?

म्हणून श्रोतेहो, अगदी साधं सांगतो. तुमच्या शिवारात राखाडी मातीचा तुकडा असेल, नांगरटीनंतर पहिल्या पावसात रंगीत खापरं, गारगोटीची बारीक पाती, शंखाचे मणी धुऊन वर येत असतील, तर ती जागा लिहून ठेवा. गट नंबर, कुठल्या बांधापासून किती पावलं. एक फोटो, शेजारी मोजपट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवून. खणू नका, उकरू नका. ती नोंद जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना द्या, राजवाडे मंडळाला द्या, पुण्याला डेक्कन कॉलेजला पत्र टाका. जमलं तर त्या तुकड्यात पलटी नांगर घालू नका, वखरावर भागवा. नाहीच जमलं, मशीन आणावंच लागलं, तरी त्या दिवशी अर्धा तास कुणाला तरी शेजारी उभं करा. वही घेऊन.

गेल्या वर्षी मी भावाला ही सगळी हकिकत सांगितली. तो मला रागावला. म्हणाला, "मग तेव्हाच बोलायचं ना. मी काय तुला नाही म्हटलं असतं?" मग आम्ही दोघं त्या शेतात गेलो. सालदार आता थकलाय, पण काठी टेकत तोही आला. तिघांनी मिळून शेताचा कच्चा नकाशा काढला. टेकाड कुठवर होतं, ज्वारी कुठं काळी दिसायची, मशीनचा दात पहिल्यांदा कुठं लागला. सालदारानं काठीनं जमिनीवर एक वाकडी रेघ ओढली आणि म्हणाला, राखेचा पट्टा असा फिरत गेला होता. ती रेघ जवळपास वर्तुळाच्या पाव भागाएवढी होती. मी वहीत तशीच उतरवून घेतली. ती कुंपणाची होती की नव्हती, मला माहीत नाही. पण आता ती कागदावर आहे. माझा तो जाळीच्या नक्षीचा तुकडा आणि त्या नकाशाची प्रत एका पाकिटात घालून ठेवली आहे. वर गट नंबर लिहिलाय.